गोल केबल घेताना लांबी मोजा

संपादक महोदय,

लॅमिंग्टन रोडवर जुन्या संगणकाचे सुटे भाग घेताना आयडीई (४० पिनांच्या जुन्या जोडणीच्या) हार्ड डिस्कसाठी चपट्या पट्टीऐवजी गोल केबल घ्यायचा मोह होतो. दिसते छान, हवाही खेळती राहते म्हणतात. पण चपटी पट्टी तशी उगाच नसते. अल्ट्रा डीएमए ६६ (डिस्कशी डेटाची जलद देवाणघेवाण करण्याची पद्धत) आणि त्यापुढच्या वेगासाठी तिच्यात ८० तारा असतात, पिना मात्र ४०च. जादा ४० तारा ग्राउंडच्या, म्हणजे सिग्नल न वाहणाऱ्या. दोन सिग्नलच्या तारांमध्ये एकेक. तारा सुट्या करून नुसत्या गुंडाळल्या की ही रचना मोडते आणि एका तारेतला सिग्नल शेजारच्या तारेत झिरपतो. प्रत्येक सिग्नलला ग्राउंडचा पीळ दिलेली गोल केबल चालते, पण वरचं रंगीत आवरण पाहून ते कळणार कसं?

लांबी १८ इंचांपेक्षा जास्त नको. बाजारात २४ आणि ३६ इंचीही दिसतात, त्या घेऊ नयेत.

खराब केबलने संगणक लगेच बंद पडत नाही, म्हणून तर घोटाळा. चुकलेला डेटा पुन्हा पाठवला जातो. चुका साचल्या की विंडोज एक्सपी वेग पायरीपायरीने उतरवत पीआयओ या जुन्या, संथ पद्धतीवर आणते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनेलचा मोड पीआयओवर गेलाय का ते पाहावं. स्मार्टमधला (डिस्क स्वतःच ठेवत असलेल्या तब्येतीच्या नोंदीतला) १९९ क्रमांकाचा, म्हणजे केबलवरून जाताना चुकलेल्या डेटाचा आकडा वाढत असेल, तर डिस्क बदलण्याआधी साधी ८० तारांची पट्टी लावून पाहावी: निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टरला (पहिल्या डिस्कला), करडं स्लेव्हला (दुसऱ्या डिस्कला). हवेचीच काळजी असेल तर पट्टी घडी घालून कडेला बांधली तरी पुरते.

– संगणक दुरुस्ती करणारे काही वाचक, गिरगाव, मुंबई