कामगिरीच्या आकड्यांवर रकान्यांची नावे छापावीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर जागेअभावी बातमीच्या शेवटी संघांची कामगिरी '5-2-1' अशी नुसत्या आकड्यांत दिली जाते आणि कोणता आकडा कशाचा, हे वाचकाने ताडायचे असते. क्रिकेट, फुटबॉल आणि कबड्डी एकाच पानावर शेजारी शेजारी येत असल्याने यातून घोटाळा होतो.

2025 च्या महिला विश्वचषकाचेच पाहा. साखळीतील 7 सामन्यांपैकी भारताने 3 जिंकले, 3 गमावले आणि आमच्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरील बांगलादेशविरुद्धचा सामना पावसामुळे निकालाविना संपला. क्रिकेटच्या रिवाजानुसार हे 3-3-1 झाले. फुटबॉलमध्ये मात्र बरोबरीचा रकाना मधला असल्याने तिथला वाचक त्याचा अर्थ तीन विजय, तीन बरोबरी आणि अवघा एक पराभव असा घेईल आणि 12 गुण मोजेल. प्रत्यक्षात आपल्या संघाचे गुण होते 7, आणि तेवढ्यावर चौथा क्रमांक राखून तो उपान्त्य फेरीत गेला. (पुढे याच मैदानावर त्याने विश्वचषक उचलला, हे नवी मुंबईकरांना सांगायला नकोच.)

विजयाला 3, बरोबरीला 1 आणि पराभवाला शून्य असा उतरता हिशेब असल्याने फुटबॉलचा क्रम मला सर्वांत सयुक्तिक वाटतो. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये बरोबरी जवळजवळ होतच नाही, म्हणून तिथे विजय-पराभव हे दोनच आकडे पुरतात. तिथल्याच आइस हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये तिसरा आकडा असतो तो जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये पत्करलेल्या पराभवांचा, आणि अशा पराभवालाही 1 गुण मिळतो. आपल्या प्रो कबड्डीतही अनेक मोसम 7 किंवा त्याहून कमी गुणांनी हरणाऱ्या संघाला 1 गुण मिळत असे. त्यामुळे जय-पराजय सारखे असूनही दोन संघ तक्त्यात वर-खाली दिसत.

समान गुणांच्या संघांचा क्रम कसा लागतो, हेही छापले जात नाही. 2019 च्या पुरुषांच्या क्रिकेट विश्वचषकात न्यूझीलंड आणि पाकिस्तान यांचे गुण 11 आणि विजय 5 असे सारखेच होते. साखळीत पाकिस्तानने न्यूझीलंडला हरवले होते, तरी सरस नेट रनरेटमुळे (षटकामागे केलेल्या आणि दिलेल्या धावांतील फरकामुळे) उपान्त्य फेरी गाठली न्यूझीलंडने. परस्परांतील निकाल आधी पाहणाऱ्या स्पेनच्या ला लीगाचा नियम लावला असता, तर पाकिस्तान वर राहिला असता.

सर्व खेळांना एकाच क्रमात बसवावे, असे माझे म्हणणे नाही. प्रत्येक क्रम त्या त्या खेळाच्या गरजेतून आला आहे. आकड्यांवर 'वि., प., अनि.' (विजय, पराभव, अनिर्णित) अशी अक्षरे आणि तक्त्याखाली समान गुणांचा निकष सांगणारी एक ओळ छापावी, ही विनंती. त्यासाठी बातमीतील एखादे विशेषण गळले, तरी वाचकांची तक्रार नसेल.

आपला,
एक नियमित वाचक,
नेरुळ, नवी मुंबई