सध्या काय ऐकताय, आबा?

कोलोन, जर्मनी

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. थंडी सोसवते, पोळ्याही जमतात. एवढं आईला वाचून दाखवा, म्हणजे तिचा जीव भांड्यात पडेल. बाकीचं पत्र खास तुमच्यासाठी.

इथे मला गाण्याच्या वेड्यांचा एक कंपू भेटलाय. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं आणि सध्या जी रेकॉर्ड मनातून जात नाही ती घेऊन यायची. गाजलेलीच हवी असं नाही, दुर्मीळ तर मुळीच नको. रोज लावली जाते तीच आणायची. मग तिची एक बाजू अख्खी वाजते. मध्ये कुणी बोलत नाही, पिन उचलून पुढे नेत नाही. बाजू संपली की गप्पांना तोंड फुटतं. फोनवर ऐकताना आमचं बोट लगेच पुढच्या गाण्याकडे धावतं, इथे वीस-पंचवीस मिनिटं मांडी घालून ऐकावं लागतं. आबा, पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला तुम्ही मला शेजारी बसवून ऐकवायचात, ती सवय इथे उपयोगी पडतेय.

गेल्या खेपेला ट्राम चालवून निवृत्त झालेल्या एका काकांनी कीथ जॅरेट या पियानोवादकाची 'द कोलोन कॉन्सर्ट' आणली होती. ही मैफल याच गावच्या ऑपेरागृहात २४ जानेवारी १९७५ ला झाली, तीही रात्री साडेअकराला, कारण संध्याकाळी तिथे ऑपेराचा प्रयोग होता. आयोजक होती अठरा वर्षांची मुलगी, व्हेरा ब्रांडेस. जॅरेटने मागितलेला मोठा पियानो आलाच नाही. रंगमंचावर होता तो लहान, वरचे सूर पत्र्यासारखे वाजणारा, पेडल नीट न चालणारा. जॅरेट वाजवायलाच तयार नव्हता. तिने कसंबसं मन वळवलं. मग ठरवून काहीही न आणता त्याने सगळं जागच्या जागी रचलं. वरचे सूर साथ देत नाहीत म्हणून तो बराचसा मधल्या सप्तकात रमला, आणि डावा हात लेहरा धरावा तसा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. पहिली बाजू सव्वीस मिनिटांची आहे. मध्ये मध्ये तो स्वतःच कण्हल्यासारखा गुणगुणतो, तेही रेकॉर्डमध्ये आलंय. काकांनी ती बाजू डोळे मिटून ऐकली. मला तर वाटतं, त्या पियानोच्या उणिवांनीच त्याला सूर फुलवत नेण्याची वाट दाखवली. ही रेकॉर्ड तुम्हाला नक्की आवडेल, राहुलदादाला सांगून लावून घ्या.

दुसऱ्या एका बाईंनी जॅझमधला ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस याची १९५९ ची 'काइंड ऑफ ब्ल्यू' लावली. तिच्यातली पहिलीच रचना ऐकून मी चमकले, कारण सूर सरळ काफी थाटाचे. गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. मधे मात्र सगळेच्या सगळे अर्ध्या सुराने वर चढतात आणि थोड्या वेळाने खाली येतात. षड्जच हलवला म्हणून तुमच्या कपाळाला आठी पडेल! तरीही ऐका. पुढे काय होणार ते सांगून ठेवल्यासारखं त्यात काहीच नाही, प्रत्येकजण त्याच स्वरांतून आपली वाट काढतो.

माझी पाळी आली तेव्हा मी बापूराव पलुस्करांचं 'ठुमक चलत रामचंद्र' नेलं. आपल्या नाशिकचा जन्म त्यांचा, १९२१ चा, आणि गेले १९५५ ला, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. त्यांच्या वडिलांबद्दलही सांगितलं, विष्णु दिगंबरांनी १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत, हे ऐकून सगळे थक्क झाले. तेवढ्यात भजन उभं करायचं, एकही जागा फुकट जाऊ द्यायची नाही! मला शब्द सांगावे लागले नाहीत. लहान पोराच्या दुडक्या चालीचं गाणं आहे, हे त्यांना लयीवरूनच कळलं. एका इराणी मुलीने ते लगेच पुन्हा लावायला सांगितलं. आमच्याकडे एका बैठकीत एकच रेकॉर्ड दोनदा लागलेली मी प्रथमच पाहिली.

आता तुमची पाळी. फोनवर तुम्ही तब्येत, पाऊस, गोदेचं पाणी सगळं सांगता, पण सध्या काय ऐकताय ते कधी सांगत नाही. ते कळवा, आणि नुसतं नाव नको. कुठल्या जागेवर थांबता, कशासाठी पुन्हा लावता, तेही लिहा. आईलाही विचारा, स्वयंपाकघरातल्या रेडिओवर तिचं काहीतरी चालू असतंच. आणि तबकडी पाठवायच्या भरीला पडू नका. लाखेच्या त्या तबकड्या टपालात हमखास फुटतात. राहुलदादाकडून नाव आणि राग तेवढा धाडा, इथे मी शोधते. पुढची बैठक माझ्याच घरी आहे आणि तुमची रेकॉर्ड मी पहिली लावणार आहे.

तुमची नात