तिखट सोसेना, तेव्हाच तोंड तपासा

मा. संपादक,

सावजीचा रस्सा घाम पुसत ओरपणारे माझे बाबा. तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या दिवशी त्यांना साधी चटणी सोसेना. "आग होते," म्हणाले. घरच्यांनी उष्णता म्हटलं, तालुक्याच्या एका दवाखान्यात तोंड आल्याच्या गोळ्या मिळाल्या. पुढे त्यांच्या तोंडात दोन बोटंही उभी जाईनात. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा ते वीस वर्षं खात होते. यंदा कर्करोगामुळे जबड्याचा तुकडा काढावा लागला.

मी नागपुरात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. सुपारीतलं ॲरेकोलिन हे रसायन गालाच्या अस्तराखाली कोलॅजनचे धागे वाढवतं आणि तिच्यातलं तांबं ते धागे एकमेकांत घट्ट अडकवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) बळ देतं, हे पुस्तकात वाचलं होतं. बाबांचा गाल आतून चाचपला तेव्हा सुंभासारखे पट्टे बोटाला लागले.

कर्करोगाची पेशी एकटीच सुटून पळते, अशी माझी समजूत होती. बाबांच्या काढलेल्या तुकड्याची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा ती समजूत मोडली. पेशी जथ्याने, एकमेकींना धरून आत उतरल्या होत्या. पुढच्या वाट काढतात, मागच्या बिलगून येतात. प्रयोगशाळांमध्ये दिसलं आहे की भोवतालचं ऊतक ताठ असलं, धागे एका दिशेला ताणलेले असले, की या जथ्यांना जोर लावायला आधार मिळतो. पावसाळ्यात आमच्या काळ्या वावरात पाय रुततो, पण मुरूम टाकलेल्या पांदणीवरून अख्खं गाव रांगेनं जातं, तसंच. ताठ झालेल्या प्रत्येक तोंडात कर्करोग होतोच असं नाही, पण धोका नक्की वाढतो. म्हणून तोंड आखडणं हे नुसतं आखडणं समजू नये.

गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. खर्रा मात्र आजही पन्नीत घोटून मिळतो. माझा चुलतभाऊ तंबाखू सोडून नुसती सुपारी चघळतो आणि सुटलो समजतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे, हे त्याला मी दोनदा सांगितलं. आखडलेलं तोंड सहसा पूर्ववत होत नाही, म्हणून सोडायचं ते लवकर.

स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील किंवा तिखटानं आग होत असेल, तर दंतवैद्याला दाखवावं. आपण या तीन बोटांचं चित्र आरोग्याच्या पानावर छापावं, ही विनंती. मी ते कापून आमच्या एसटी थांब्यावरच्या पानठेल्यांवर चिकटवीन. एका ठेलेवाल्या काकांनी तर हो म्हटलंही आहे.

एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ