बर्फाकडे निघालेल्या गाडीची चाके

मा. संपादक,

महोदय,

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर घसरल्याच्या बातम्या आल्या, की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि शहरातील गाडीमालकांत ‘विंटर टायर’ घ्यावेत काय, ही चर्चा सुरू होते. या चर्चेत दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात, म्हणून हे पत्र.

नाशिकच्या थंडीसाठी असे टायर घेण्याचे काहीच कारण नाही. हिवाळी टायरचे रबर साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खालीही मऊ राहावे, अशा रीतीने बनवलेले असते. आपल्याकडे पहाटे पारा तेवढा उतरला तरी दुपारी रस्ता चांगला तापतो, आणि मे महिन्याच्या चाळिशीत तर हे मऊ रबर झपाट्याने झिजते व गाडी थांबायलाही जास्त अंतर लागते. इथल्या हिवाळ्यात सकाळी, टायर थंड असताना हवा तपासली तरी पुरे, कारण तापमान दहा अंशांनी उतरले की हवेचा दाब दीड-दोन पीएसआयने कमी होतो.

प्रश्न आहे तो देवळालीहून काश्मीर किंवा लडाखला बदली झालेल्या आणि गाडी सोबत नेणाऱ्या लष्करी कुटुंबांचा, तसेच डिसेंबरात स्वतःच्या गाडीने मनाली गाठून अटल बोगद्यापलीकडे जाऊ पाहणाऱ्यांचा. त्यांना दुकानात बहुधा ‘एम+एस’ ही अक्षरे दाखवून टायर बर्फात चालेल असे सांगितले जाते. ही अक्षरे म्हणजे चिखल आणि बर्फ यांसाठी टायर योग्य असल्याचे उत्पादकाने स्वतःच दिलेले आश्वासन असते. त्यामागे बर्फावरील ठरावीक चाचणी असेलच असे नाही. चाचणीत उतरलेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असे चिन्ह असते. जर्मनीत 1 ऑक्टोबर 2024 पासून बर्फाळ रस्त्यावर या चिन्हाचाच टायर ग्राह्य धरतात, नुसता ‘एम+एस’ नाही. आपल्याकडे अशा टायरला उठाव कमी, म्हणून माल जुना नाही ना, हेही पाहावे: टायरच्या बाजूवर ‘3524’ असे चार आकडे असतील, तर तो 2024 च्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला असतो. कायद्याने नक्षीची खोली 1.6 मिलिमीटर असली तरी चालते, पण बर्फात 4 मिलिमीटरखालचा टायर वापरू नये. टायर चारही बदलावेत. पुढचे दोनच बदलले तर वळणावर गाडीचा मागचा भाग घसरतो.

रिमच्या बाबतीत तर आपली हौस नेमकी उलट दिशेने धावते. मोठे अलॉय आणि रुंद, बुटके टायर कॉलेज रोडवर शोभतात. बर्फात मात्र अरुंद टायर आणि लहान रिम सरस ठरतात, कारण अरुंद टायर सैल बर्फ कापत खालच्या रस्त्यापर्यंत पोहोचतो आणि उंच बाजू खड्ड्याचा दणका सोसते. मापातला पहिला आकडा टायरची रुंदी (मिलिमीटर), दुसरा बाजूची उंची (रुंदीच्या टक्क्यांत) आणि ‘आर’नंतरचा रिमचा व्यास (इंच) सांगतो. उदाहरणार्थ, 195/55 आर 16 या मापाऐवजी 185/65 आर 15 घेतले, तर दोन्हींचा बाहेरचा व्यास 621 मिलिमीटरच्या आसपास राहतो, त्यामुळे वेगमापकाच्या आकड्यात फरक पडत नाही. मात्र लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरवर (डिस्कला पकडणाऱ्या भागावर) घासत नाही ना, बोल्टच्या छिद्रांचे अंतर, मधल्या छिद्राचा व्यास आणि ऑफसेट (रिम आत-बाहेर किती बसते ते माप) जुळतात ना, हे तपासूनच पैसे मोजावेत. कंपनीने आपल्या मॉडेलच्या खालच्या श्रेणीत ते माप दिले असेल, तर निम्मी चिंता मिटते. टायरवरील भारांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. 88 म्हणजे एका टायरवर 560 किलो. वेगाचे अक्षर ‘क्यू’ असले, तरी 160 किलोमीटरची मर्यादा त्या रस्त्यांना भरपूर झाली.

आपल्याच शहरात तयार होणारी चारचाकी ड्राइव्हची थार असली म्हणजे टायरकडे पाहायला नको, असाही एक समज आढळतो. चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी बर्फातून निघते खरी, पण थांबणे आणि वळणे हे सर्वस्वी टायरवरच असते.

बदली झालेल्यांनी वेगळ्या रिमवर बसवलेला हिवाळी टायरचा पूर्ण संच घ्यावा. दर मोसमात टायर उतरवून चढवण्याचा खर्च आणि टायरच्या कडांची झीज, दोन्ही वाचतात. आठवडाभराच्या सहलीसाठी हा खर्च मला तरी पटत नाही. अशांनी गाडी खालीच ठेवून पुढे स्थानिक टॅक्सी करावी, किंवा निदान बर्फात टायरभोवती चढवायची, टायरच्या मापाची साखळी सोबत ठेवावी, कारण बर्फ पडल्यावर प्रशासन अनेकदा साखळी असलेली किंवा चारचाकी ड्राइव्हची वाहनेच पुढे सोडते. बहुतेक हॅचबॅक गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते, तेव्हा साखळीही पुढेच लागते. रुंद टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये तिला जागा उरते का, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहून, निघण्यापूर्वी ती इथे अंगणातच एकदा चढवून-उतरवून पाहावी.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक