सूचना : विकास आराखड्यावरील हरकतींसाठी रविवारी बैठक

सदस्यहो,

विकास आराखड्याच्या मसुद्यावर हरकती देण्याची मुदत महिनाअखेर संपते. त्यासाठी येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या सभागृहात बैठक आहे. सर्वांनी यावे.

येताना वारसा यादी (जतन करायच्या जुन्या इमारतींची यादी) आणि आराखड्याचा नकाशा ताडून या. इमारत यादीत असूनही रस्तारुंदीकरणाची रेषा तिच्या ओसरीतून जाऊ शकते, आणि असे नुकसान यादी वाचून कळत नाही.

- हरकत प्रत्येकाने स्वतंत्र, लेखी व सहीनिशी द्यावी. नुसते ‘जतन करा’ पुरत नाही; जागा आणि हवा असलेला बदल नेमका लिहा.
- जुन्या छायाचित्रांच्या प्रती आणा, मूळ नकोत.

ऐतिहासिक शहरांचे जतन नगररचनेचाच भाग असावे, रहिवाशांचा सहभाग हवा, असे ‘इकोमॉस’ या वारसा-जतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची १९८७ची वॉशिंग्टन सनद सांगते. हरकतीत तिचा उल्लेख अवश्य करा.

– कार्यवाह