बंड्यास पत्र: आर्म पाठवतोय, वाजवून बघ

गडहिंग्लज,
शनिवार, रात्र

प्रिय बंड्या,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा दाखवतोस, म्हणून कागद घेतला. दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणत होतो. इकडे सगळं ठीक. माझा खांदा तसाच, साखर तशीच, आईचं फिरणं अंगणापुरतं. झालं तब्येतीचं.

आता ऐक. काल रात्री मी भंगारातून आणलेला स्टिअरिंगचा आर्म वाजवला, बॉक्समधून चाकांकडच्या दांड्याला ढकलतो तो लोखंडी हात. वर्कशॉपात आपले अण्णा टांगायचे तसा तारेला टांगला आणि बारक्या हातोडीनं टिचकी मारली. बद्द, भेग असल्यासारखा. परत मारली, जागा बदलून मारली, तार बदलली. बद्दच. मग शेजारी आपल्या टाटा ४०७ चा जुना आर्म टांगला. तो असा वाजला की ही आतून ओरडली, ‘आता काय देवळाची घंटा बसवताय काय गाडीत?’

तुला पहिल्यापासून सांगायला पाहिजे. ४०७ ला पॉवर स्टिअरिंग बसवतोय. बाबांची तीच, होय, तीच. विकायची नाही हे ठरलंय, त्यावर तू पुन्हा बोलू नकोस. पोरगं भाजी भरून सावंतवाडीला जातं. आंबोली घाटातल्या वळणांना चाक ओढता ओढता त्याचे हात भरून येतात, आणि माझा खांदा तर मला नुसती गाडी मागं घेऊ देत नाही. पोराला आधी टर्बोच पाहिजे होता. कुठलेतरी व्हिडिओ बघतो. त्याला म्हटलं, हे २९५६ सीसीचं इंजिन जन्मभर साधा श्वास घेत आलंय. टर्बोनं हवा वाढली की तू पंपाचं डिझेल वाढवणार, डिझेल वाढलं की एक्झॉस्ट तापणार, आणि भरल्या गाडीनं चढ चढताना पिस्टनचं डोकं वितळलं की भाजी डोक्यावरून नेशील काय सावंतवाडीला? तेव्हा कुठं तो स्टिअरिंगवर आला. पण येताना स्वतःच जाऊन भंगार बाजारातून पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स घेऊन आला. आपल्या गाडीचा नाही, कुठल्याशा मिनी बसचा. स्वस्त मिळाला म्हणे. आजोबावर गेलंय.

बॉक्स मात्र चांगला निघाला. उघडून बघितला, सीलं नवी घातली. आणि बॉक्स चासीला धरणारं ब्रॅकेट! बंड्या, तू बघायला पाहिजेस. आधी कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचं टेंप्लेट, मग १० मिमी प्लेट, मागून दोन रिबा. वेल्डिंग करताना जाड पाट्याला बोल्ट करून ठेवलं, म्हणून केसभर वाकलं नाही. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला ड्रिल लावलं नाही, भोकं सगळी उभ्या बाजूला, आणि चासीला वेल्डिंगचा एक टिपकासुद्धा नाही. बोल्ट १०.९ चे. पंपाची पुली बिडाची, ती तेवढी कोल्हापूरच्या उद्यमनगरातून टर्न करून आणली. तिथं आता आपल्याला ओळखणारं कोणी नाही. तरी ‘नग दाखवा, तसाच करून देतो’ हे वाक्य तेच, आणि ‘उद्या या’ हेही तेच. क्रँक पुलीवरून दोरी ताणली तर पट्टा एका रेषेत. प्रेशरचा होज मात्र विकतचा, क्रिंप केलेला. शंभर बारच्या आसपास प्रेशर असतं, तिथं क्लिप आवळून चालत नाही हे तूच मला शिकवलंस, कबूल.

हे सगळं मी निवांत केलं, झोप लागत होती. कारण साधं आहे. पट्टा तुटला, पंप बसला, होज फुटला तरी काय होणार? चाक जड होणार. पोरगं शिव्या देत गाडी बाजूला घेणार. बॉक्सपासून चाकापर्यंत आपला हात पोचवणारा दुवा तसाच राहतो. आर्म मोडला तर काहीच राहत नाही. चाक हातात गरागरा फिरणार आणि गाडी पाहिजे तिकडं जाणार. त्या उसाच्या ट्रॉलीचं तुला वेगळं सांगायला नको.

तर झालं असं की या बॉक्सच्या शाफ्टला आपला जुना आर्म बसत नाही. दाते वेगळे. कंपनीचा नवा आर्म मिळतो, दात्यांना बसतो, पण आखूड आहे. मग पोरगं परत त्याच भंगारवाल्याकडं गेलं आणि हा घेऊन आलं. दाते बॉक्सचे, लांबी आपल्या चासीची. बसवला, चाकं उचलून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, आर्मपासून चाकाकडं जाणारा दांडा, ड्रॅग लिंक, सरळ, स्प्रिंग दाबून बघितली तर चाक जागचं हललं नाही. पोरगं नाचायला लागलं. मला मात्र तिथंच खटकलं. दाते एका गाडीचे आणि लांबी दुसऱ्या गाडीची, असा आर्म कुठली कंपनी कशाला करील? इतका नेमका बसतोय म्हणजे आपल्या आधी कुणीतरी हाच उद्योग केलाय. रंग काढला. कोपरापाशी रुपयाएवढी जागा ग्राइंडरनं गुळगुळीत केलेली. फोर्जिंगची पात, साच्याबाहेर आलेली कड, घासली असेल. किंवा तापवून वाकवल्यावर हातोड्याचे घाव घासले असतील. किंवा, नाव काढायला नको, वेल्डिंगचा सांधा असेल.

लगेच तीन डबे आणून भेगा दाखवणारी डाय टेस्ट केली. लाल मारला, थांबलो, पुसला, पांढरा मारला. एक रेघ नाही. स्वच्छ. पोरगं म्हणालं, बघा. मग रात्री सगळे झोपल्यावर मी तो तारेला टांगला.

आता तू हसशील. हस. आपला सगळा जन्म यावर भांडण्यात गेला. अण्णा म्हणायचे लोखंड बोलतं, तू म्हणायचास लोखंड बोलत नाही, लॅबचा रिपोर्ट बोलतो. त्यांनी वाजवून पास केलेला तो गिअर तू गुपचूप लॅबला टाकलास आणि भेग निघाली. मी अण्णांच्या बाजूनं बोललो म्हणून तू माझ्याशी न बोलता पुण्याची एसटी पकडलीस. भेग होती, मान्य. पण तो गिअर असा सगळ्यांसमोर त्यांच्या जेवणाच्या डब्याशेजारी आणून ठेवायचं काही कारण नव्हतं, हे मी आजही म्हणतो.

पण यात एक आहे. गेले काही दिवस लेथवर उभा असलो की हेच डोक्यात येतं. अण्णांचा कान ‘चांगला’ म्हणाला तेव्हा चुकला. ‘वाईट’ म्हणाला आणि चुकला असं कधी झालं का? मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर लिही, खरंच लिही, कारण माझं सगळं त्यावर अडलंय. डाय फक्त पृष्ठभागावर उघडलेलं दाखवते, आतलं नाही. तुझ्या भोसरीच्या शॉपात मॅग्नाफ्लक्स आहे, चुंबकानं भेगा शोधणारं मशीन. ते थोडं आतलंही दाखवतं. कोपराजवळ आणि लांब टोकाला अशी दोन ठिकाणी हार्डनेसही बघ. तापवून वाकवला असेल आणि नंतर नीट पाणी पाजलं नसेल, तर दोन आकडे जुळणार नाहीत. आणि समज, तुझं मशीन म्हणालं चांगला आहे. माझा कान म्हणतो वाईट. मग पोराला घाटात कुणाच्या भरवशावर पाठवू?

इथले उपाय ऐकशील तर जेवण जाणार नाही. स्टँडवरचा एकजण म्हणाला, ‘दोन्ही आर्म निम्मे कापा, माझ्याकडं आणा, जोडून देतो, हत्ती बांधा.’ त्याला चहा पाजला आणि घालवला. ईएन २४ पोलादाच्या तुकड्यातून अख्खा आर्म कोरावा असंही मनात आलं. पण ते निमुळते दाते काय आपल्या लेथवर निघणार नाहीत, आणि निघाले तरी स्टिअरिंग आणि ब्रेकला घरचा माल लावायचा नाही हा तुझाच नियम.

राहता राहिला एक रस्ता. कंपनीचा आखूड आर्म, न तापवलेला, न घासलेला, तसाच घ्यायचा आणि त्याला जुळेल असा बॉक्सच पुढं सरकवायचा. म्हणजे ब्रॅकेट नवं. कॉलमच्या जॉइंटचा कोन बदलणार, रेडिएटर जवळ येणार, आखूड आर्मनं चाक थोडं जास्त फिरवावं लागणार, ते चालेल. होण्यासारखं आहे. पण ते ब्रॅकेट इतकं देखणं झालंय गड्या, रोज सकाळी चहाचा कप घेऊन बघायला जातो. त्याला भंगारात टाकायचं जिवावर येतंय. ही म्हणते, माझ्याकडं कधी असं बघितलं नाहीत.

पोरगं फुगून बसलंय. त्याला वाटतं म्हातारा भित्रा झाला. तू त्याला फोन कर, तुझं ऐकतं. माझं नाव काढू नकोस.

धाकटीचा साखरपुडा झाला हे कळलं, फोटो बघितले, जावई उंच आहे. लग्नाला आम्ही सगळे, आणि आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आमच्याकडून, त्यात वाद नको. वहिनींच्या गुडघ्याचं काय ठरलं? तुमच्या कंपनीत माणसं कमी करणार म्हणत होतास, त्याचंही लिही. अण्णांच्या वर्षश्राद्धाला त्यांच्या घरी गेलो होतो. काकू तुझी चौकशी करत होत्या. मी सांगितलं की येणार आहे. तेव्हा ये.

आर्म उद्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पाठवतोय, पोत्यात बांधलाय, वर तुझं नाव आणि नंबर खडूनं लिहिलाय. जुना आर्मही सोबत आहे, दोन्ही आधी तारेला टांगून तुझ्या कानानं ऐक आणि मगच मशीनवर टाक. रिपोर्ट कर, पण कानाला काय वाटलं तेही एका ओळीत लिही, लाजू नकोस. मॅग्नाफ्लक्स झाल्यावर डीमॅग करून, चुंबकत्व काढून पाठव. मागं तू पाठवलेल्या पिनेला किती दिवस लोखंडाचा कीस चिकटत होता.

पार्सलचे पैसे मी इथंच भरतोय. सोडवून घेताना मागितले तर देऊ नकोस.

तुझा,
दगड्या