वेळापत्रक लावणाऱ्या सरांना

सर, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं, बरं" म्हणून पेपरांच्या गठ्ठ्यात डोकं घालता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. नाव घालत नाही. आमच्या शाळेतल्यांना ते कळेलच. बाकीच्यांनी पेठेतल्या एका जुन्या शाळेत गणित शिकवणारे आणि वर्षानुवर्षं शाळेचं वेळापत्रक लावणारे एक सर, एवढंच समजावं.

वेळापत्रक लावणं म्हणजे काय असतं ते शाळेबाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. भला मोठा कार्डशीट, पेन्सिल आणि खोडरबर. एका बाईंचा तास हलवला की दुसऱ्या सरांचे सलग चार होतात, प्रयोगशाळेच्या दारात दोन वर्ग एकदम येऊन उभे राहतात, चित्रकलेचा तास नेमका दहावीच्या गणितावर येतो. त्यामुळे एकदा लागलेल्या वेळापत्रकाला तुम्ही कुणाला बोट लावू देत नाही. सूचनाफलकावर त्याच्याखाली तुमच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं असतं, "बदल सुचवू नयेत. सुचल्यास मनात ठेवावेत." अशा माणसाने ऑगस्टमध्ये, सत्र ऐन भरात असताना, अख्खं वेळापत्रक पुसून नव्याने लावलं. माझ्यासाठी. आणि मलाच सांगितलं नाही.

मला तेव्हा सातवा सरत आला होता. आठवी आणि नववी तिसऱ्या मजल्यावर, जिना लाकडी आणि उभा, लिफ्टचा प्रश्नच नाही. "एवढे दिवस भरत आले तरी शाळेत कशाला जायचं?" हे घरचे विचारत, धनकवडीच्या बसमधल्या अनोळखी आजीही विचारत. (पुण्यात असे प्रश्न विचारायला ओळख लागत नाही.) उत्तर साध्या वजाबाकीचं आहे. आम्हाला प्रसूती रजा १८० दिवसांची. त्यातले चाळीस आधीच घरी पाय वर करून काढले, तर बाळ जेमतेम साडेचार महिन्यांचं असताना पाळणाघर शोधायचं. म्हणून बहुतेक शिक्षिका शेवटपर्यंत रेटतात.

शिकवण्याचा त्रास नव्हताच. त्रास उभं राहण्याचा. मधल्या सुट्टीपर्यंत पावलं अशी सुजायची की चपलेचा पट्टा रुतायचा. गर्भाशय वर सरकून श्वासपटलाला दाबतं, त्यामुळे कविता चालीत म्हणताना दुसऱ्या ओळीलाच दम लागायचा आणि पोरं उरलेलं कडवं आपापल्या सुरात पूर्ण करायची. आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते म्हणजे लघवी. बाळाचा भार मूत्राशयावर आलेला, दर तासाला जावं लागतं. पण पन्नास पोरांचा वर्ग सोडून जाणार कशी? स्वच्छतागृह तळमजल्यावर, ऑफिसच्या मागे. मग बायका पाणीच कमी पितात. डॉक्टर ओरडतात ते यासाठीच, कारण गरोदरपणात लघवीचा जंतुसंसर्ग आधीच पटकन होतो, त्यात हे तुंबवून ठेवणं.

त्या सोमवारी हजेरीचा कॅटलॉग घ्यायला ऑफिसात गेले तर फलकावर नवा कागद. माझे सगळे तास तळमजल्यावर. आठवी आणि नववीच्या माझ्या तुकड्या खाली आलेल्या, पाचवीचे वर्ग वर गेलेले. पहिला तास कुठल्याच दिवशी नाही. आणि कुठलाही वार घ्या, दोन तास झाले की तिसरा ऑफ. सोमवारी, मंगळवारी, थेट शनिवारपर्यंत. मी बोट फिरवत दोनदा पाहिलं. हे आपोआप जुळून येत नाही, एवढं गणित मलाही येतं.

विचारायला आले, तर तुम्ही चष्मा न काढता म्हणालात, "खालच्या खोल्यांत उजेड चांगला येतो." सर, खालच्या खोल्यांत भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते.

मग ते स्टूल. प्रयोगशाळेतलं उंच लाकडी स्टूल माझ्या टेबलामागे आलं, त्यावर बसूनही शेवटचा बाक दिसायचा. खुर्चीत बसलं की दिसतात फक्त पहिल्या दोन रांगांची डोकी, आणि मागे काय चालतं ते सांगायला नको. शिपाईमामा म्हणाले, "सरांनी ठेवायला सांगितलंय. कुणी हलवलं तर त्यांचं नाव सांगा."

स्टाफरूममध्ये थोडी कुजबुज झालीच. एक ज्येष्ठ बाई बोलून गेल्या, "आम्ही नववा लागला तरी तिसरा मजला चढत होतो. आमच्यासाठी नाही कुणी वर्ग खाली आणले." तुम्ही लाल पेनातून मान वर न काढता म्हणालात, "तेव्हा वेळापत्रक मी लावत नव्हतो." क्षणभर सगळे गप्प. मग त्या बाईच आधी हसल्या आणि तुमच्या कपात चहा ओतला.

त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. मातृत्व लाभाच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय: अपेक्षित प्रसूतीपूर्वीच्या सहा आठवड्यांच्या आधीचा एक महिना, आणि त्या सहा आठवड्यांतही बाई रजेवर गेली नसेल तर तेवढे दिवस, तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देऊ नये. मात्र तिने तशी विनंती केली तर. घोडं अडतं ते इथे. नव्याने लागलेली शिक्षिका मुख्याध्यापिकांसमोर जाऊन "मला उभं राहवत नाही" असं म्हणेल का? त्या बाईंनी म्हटलं नसेल, मीही म्हणणार नव्हते. तुम्ही माझ्या विनंतीची वाटच पाहिली नाहीत.

डोहाळजेवण स्टाफरूममध्येच झालं. हिरव्या बांगड्या, ओटी, मटकीची उसळ, सगळं साग्रसंगीत. बायकांचा कार्यक्रम म्हणून तुम्ही फिरकला नाहीत. झाकलेल्या दोन वाट्यांतली मी उघडली त्यात बर्फी निघाली, आणि मुलगीच झाली. पोरांनी त्यावर लगेच संभाव्यतेचं गणित मांडलं, ते तुमचंच शिक्षण.

मी रजेवर गेल्यावर माझे तास बदली म्हणून वाटले गेले आणि आठवीचे बरेचसे तुम्हीच घेतलेत, हेही मला कळलंय. मराठीच्या तासाला वर्गमुळं काढायला लावलीत, असं दोघीतिघींनी फोन करून रडक्या आवाजात सांगितलं. त्यांच्या वतीने निषेध नोंदवते, आणि माझ्या वतीने आभार.

आता रजा संपत आलीय, एप्रिलमध्ये हजर होतेय. तुम्ही जूनचा कार्डशीट त्याच सुमारास मांडायला घेता. त्याच कायद्यात, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला दिवसातून दोनदा दूध पाजायला वेळ द्यावा, असंही आहे. माझी आई लेकीला घेऊन मधल्या सुट्टीत शाळेत यायला तयार आहे. तेव्हा सुट्टीच्या लगेच नंतरचा माझा तास जूनपासून ऑफ ठेवता आला तर बघा. या वेळी रीतसर विनंती केलीय. अर्ज पर्यवेक्षिकाबाईंकडे दिला आहे, एक प्रत तुमच्या खणात टाकायला मामांना सांगितलंय. तिसऱ्या मजल्यावरचे वर्ग खुशाल द्या.

तुमची,
मराठीची बाई